कार्ड त्याचं, पाय ह्याचे

त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे आणि त्याच्या जोडीदाराला ‘खालचा’. टॉवरच्या कामात जोडी अशीच असते. एकजण वर चढतो, बोल्ट आवळतो, अँटेना फिरवतो, गंज खरवडतो. दुसरा खाली उभा राहून दोर धरतो, सामान वर पाठवतो आणि वॉकीवर बोलत राहतो. कधी विजेच्या तारांचे मनोरे, कधी फोनचे टॉवर, जिथे ठेकेदार पाठवेल तिथे. ही दोघं इतकी वर्षं एकत्र होती, की टोळीतल्या नव्या माणसांना त्यांची खरी नावं ठाऊक नव्हती आणि जुन्यांना आठवायची कधी गरज पडली नव्हती. कुणी सुस्कारा टाकून म्हणालं, “आता वरच्याच्या मनात असेल तसं,” की हा हेल्मेट सारखं करत म्हणायचा, “माझ्या मनात सध्या चहा आहे.”

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उंचीवर चढायला कार्ड लागतं. त्यासाठी डॉक्टरी तपासणी होते. डोळे, छाती, रक्तदाब, कान. वरच्याचा डावा कान तरुणपणीच गेला होता. साधा कान फुटला, पू झाला, घरच्यांनी कोमट तेल घालून वाट बघितली, आणि वाट बघता बघता कान संपला. डॉक्टरनं तपासलं आणि ‘तोल जाण्याचा संभव’ असा शेरा मारून टाकला; त्याला मिळालं ते फक्त जमिनीवरच्या कामाचं कार्ड. खालच्याची तपासणी मात्र झकास. सगळं कसं घोड्यासारखं. फक्त दुसऱ्या टप्प्याच्या वर गेला की हा घोडा शिडीला मिठी मारायचा, डोळे गच्च मिटायचा आणि त्याला खाली उतरवायला दोन माणसं लागायची. डॉक्टरच्या खोलीत शिडी नव्हती, त्यामुळे डॉक्टरला ते कळायचं काही कारण नव्हतं.

मग टोळीत नेहमी होतं तेच झालं. ज्याचा परवाना त्यानं बाजूला बसायचं आणि ज्याला येतं त्यानं गाडी चालवायची, असं जिथे सर्रास चालतं, तिथे एवढ्यातेवढ्याचं कुणाला काय वाटणार? सकाळी गाडीच्या आडोशाला उभं राहून दोघं गळ्यातली कार्डं बदलायची. कागदावर चढायचा खालचा. खाली उभा राहायचा वरचा. मुकादमाला माहीत होतं, गेटवरच्या पहारेकऱ्याला माहीत होतं, दोघांच्या बायकांना माहीत होतं. उंचीचा जो वेगळा भत्ता मिळायचा तो खालच्याच्या नावावर यायचा, आणि पगाराच्या संध्याकाळी तो अर्धा अर्धा व्हायचा. कुरबुर कधी झाली नाही. वरच्याला वाटायचं, ह्याचं कार्ड नसतं तर मी आयुष्यभर सामान वाहिलं असतं. खालच्याला वाटायचं, ह्याचे पाय नसते तर मला पहिल्याच वर्षी घरी बसवलं असतं. आपण कुणाला फसवतोय असं दोघांपैकी एकाच्याही मनाला शिवलं नाही. शिवायला हवं होतं, पण नाही शिवलं.

वरचा घरात मुका. त्याची बायको दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुवायला जायची, आणि ती म्हणायची, “ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पाना लावावा लागतो.” पण वर गेला, कमरेचा पट्टा अडकवला, उजव्या कानाशी वॉकी धरली, की ह्याच माणसाची जीभ सुटायची. खालचा विचारायचा, “वर काय दिसतंय रे?” विचारायचं कारण सुरुवातीला कामाचंच होतं. वरचा माणूस शुद्धीवर आहे ना, चक्कर नाही ना आली, हे कळायला हवं. पण पुढे ती सवय झाली, आणि खालच्याला तर त्याची भूकच लागली. ज्या जागी आपण कागदोपत्री रोज असतो, ती जागा दिसते तरी कशी हे त्याला दुसऱ्या कुणी सांगणार नव्हतं.

वरचा सांगायचा. नदीवर धूर बसलाय, उठायचं नाव नाही. शाळेच्या मैदानावर पोरं अशी पांगलीत, जशी डबा कलंडून मोहरी सांडावी. तारा सरळ वाटतात खालून, पण वरून बघावं तर दोरीवर ओली चादर टाकल्यासारख्या झोळ खाऊन असतात.

“आणि छत्री?” खालचा विचारायचा.

“उघडी आहे.”

ही छत्री म्हणजे रस्त्याकडेला बसून केबल जोडणाऱ्यांच्या डोक्यावर लावतात ती, भली मोठी, नारिंगी. एक काडी मोडली म्हणून टाकून दिलेली त्यानं घरी आणली होती. घर एका खोलीचं, आत एक दिवा, एक टेबल आणि त्या टेबलावर कायम काहीतरी शिजत किंवा वाळत. म्हणून मुलगी सुट्टीच्या दिवशी पुस्तकं घेऊन गच्चीवर जायची, पाण्याच्या टाकीला ती छत्री बांधायची आणि खाली बसायची. गावाभोवतीच्या बहुतेक टॉवरांवरून तो नारिंगी ठिपका दिसायचा. टोळीनं त्या मुलीचं नाव ‘इंजिनेरबाई’ ठेवलं होतं, आणि ती सातवीत होती तेव्हापासून ठेवलं होतं.

इंजिनेरबाईला कॉलेजात प्रवेश मिळाला. विषयही तोच, तारा आणि लहरींचा. फी भरायची मुदत दिलेली होती, आणि फी अशी होती की आकडा वाचून आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यातून फरक काही पडला नाही.

त्याच सुमाराला ती शिष्यवृत्ती निघाली. विजेच्या आणि फोनच्या कंपन्यांची मिळून एक संघटना होती. आदल्या वर्षी दोन ठिकाणी माणसं वरून पडून गेली होती, पेपरात फोटो आले होते, आणि संघटनेला काहीतरी चांगलं करून दाखवणं भाग होतं. पडलेल्यांच्या घरच्यांना भरपाई देत बसण्यापेक्षा चढणाऱ्यांच्या मुलांना शिकवणं स्वस्त पडतं, फोटोही बरे येतात. तेव्हा ठरलं, की प्रत्येक विभागातून एका मुलाची किंवा मुलीची चारही वर्षांची फी संघटना थेट कॉलेजला भरेल, वर हातखर्चाला महिन्याची रक्कम देईल. अट एवढीच, की आई किंवा बाप किमान दहा वर्षं प्रत्यक्ष उंचीवर काम केलेला हवा.

मुलीनं फोनवर हे वाचलं आणि ती उठून उभीच राहिली.

“बाबा! हे तर आपल्याचसाठी काढलंय. दहा वर्षं म्हणतायत, तुमची तर माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत!”

वरचा बूट काढत होता. त्यानं नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली.

“आपल्या विभागातून दुसरं आहेच कोण?” ती म्हणाली. “मार्कांत तर कुणी जवळपास नाही. बाबा, ऐकताय का? की बहिऱ्या कानानं ऐकताय?”

“ऐकतोय.”

“मग मुकादमांची सही तेवढी आणा. बाकी मी बघते.”

आईनं लाँड्रीच्या वाफेनं लाल झालेले हात चादरीची घडी घालावी तसे एकमेकांवर ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच क्षणी त्यानं खरं सांगून टाकलं असतं तर मुलगी रडली असती, चिडली असती, दोन दिवस जेवली नसती, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पोर उभी होती, तिचा चेहरा असा उजळला होता, आणि ह्याला वाटलं, बघू. आयुष्यभर लोखंडावर पाय ठेवताना ‘बघू’ असं तो कधी म्हणाला नाही. इथे म्हणाला.

मुकादम गाडीच्या पुढच्या सीटवर बसून डबा खात होता. अर्ज बघून त्याचा घास तोंडातच राहिला.

“तू आणि दहा वर्षं उंचीवर?”

“साहेब, तुम्हाला माहीत नाही का?”

“मला माहीत आहे रे लेका. मला काय, ह्या मनोऱ्यावरच्या कावळ्यांनाही माहीत आहे. पण कागदाला माहीत नाही. कागदावर तू एक पायरी चढलेला नाहीस. सगळं त्याच्या नावावर.”

“तुम्ही सही केली तर...”

“तर संघटना रेकॉर्ड मागवेल. मग विचारेल, हा वर होता तर तो कुठे होता? मग विचारेल, कानाचा शेरा असताना ह्याला कुणी चढवला? तू घरी, तो घरी, मी तुमच्याआधी घरी. आणि हे सगळं झाल्यावर तुझ्या मुलीला मिळणार काय, तर घंटा.” मुकादमानं डब्याचं झाकण लावलं. त्याची भूक गेली असावी. माणूस वाईट नव्हता. “आणि अजून एक. त्याच्या पोराचा अर्ज काल गेला. मीच सही केली. करणं भाग होतं, कागदावर सगळं बरोबर होतं.”

खालचा दोराची गुंडाळी करत होता. ह्याला येताना बघून त्यानं ती गुंडाळी उगाचच सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.

“मी नव्हतो पाठवणार,” तो न विचारता म्हणाला. “आईशप्पथ नव्हतो. बायकोनं पाठवला. म्हणाली, कार्ड आपलं आहे, मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.”

“पोरगा शिकणार आहे?”

“तो? त्याला केस कापायचं दुकान टाकायचंय. आरशासमोर उभा राहून स्वतःवरच सराव करतो, तू बघितलंस ना त्याचं डोकं. पास झाला हेच नशीब. पण पैसे भरले की इंजिनेरिंगला घेणारं एक कॉलेज आहे, आणि फुकट मिळतंय म्हटल्यावर बायकोही म्हणते, जा. आणि खरं सांगू, मलाही वाटलं... पोरगा निदान खुर्चीत बसून खाईल.”

“मग अर्ज मागे घे.”

“घेतला तर तुझ्या पोरीला मिळेल?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मिळणार नव्हतं. विभागातून दुसरा अर्जच नव्हता; मागे घेतला तर ह्या विभागाची शिष्यवृत्ती रिकामीच राहिली असती.

“अर्धं करू,” खालचा एकदम म्हणाला. “आजवर केलं तसं. जे येईल त्यातलं अर्धं वहिनींच्या हातात आणून देतो.”

“फी थेट कॉलेजात जाते. अर्धी फी भरून अर्धी मुलगी शिकत नाही.”

“मग मी काय करू, तूच सांग!”

काय सांगणार? इतक्या वर्षांत त्यांच्यात जे काही आलं ते दोन वाटे होऊन आलं होतं, अगदी एका माणसापुरता आलेला चहासुद्धा. न फोडता येणारी वस्तू पहिल्यांदाच मधे येऊन पडली होती.

एक प्रयत्न वरच्यानं केला, तोही नोंदवायला हवा. सुट्टी टाकून, धुतलेला शर्ट घालून तो संघटनेच्या कचेरीत गेला. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर टॉवरचा भला मोठा फोटो. हा टॉवर कुठला ते त्यानं लगेच ओळखलं, त्याच्या तिसऱ्या टप्प्यावरचा वाकडा कठडा त्यानंच सरळ केला होता. ज्या बाईंकडे शिष्यवृत्तीचं काम होतं, त्या वयानं त्याच्या मोठ्या बहिणीएवढ्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि त्यानं आणलेला मुलीचा अर्ज वाचला.

“मुलीचे मार्क फार सुंदर आहेत हो,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या कामाचा दाखला नाही.”

“मॅडम, त्याचं असं आहे, की चढायला मी असतो, पण कार्ड...”

“थांबा.” बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. “तुम्ही पुढे काय सांगणार आहात ते मला कळलंय. तुम्ही पहिले नाही. आता नीट ऐका. तुम्ही सांगितलंत की मला ते लिहावं लागेल. लिहिलं की चौकशी लागेल. चौकशी लागली की तुमचं काम बंद, तुमच्या जोडीदाराचं बंद, ठेकेदाराचा ठेका जाईल आणि टोळीतली बाकीचीही घरी बसतील. मुलीला शिष्यवृत्ती तरीही मिळणार नाही, कारण नियम मोडून केलेली वर्षं आम्ही धरत नाही. सांगायचंय?”

त्यानं पाण्याचा ग्लास उचलून रिकामा केला.

“सांगायचं असेल तर सांगा, मी पेन उचलते,” बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि तोच जास्त लागला.

“पाणी चांगलं थंड होतं,” तो म्हणाला आणि उठला.

घरी मुलगी दारातच होती.

“काय झालं?”

इथे त्यानं जे केलं त्याला माफी नाही. त्याला कितीतरी थापा मारता आल्या असत्या. संघटनेनं नियम बदलले म्हणता आलं असतं, वशिला चालला म्हणता आलं असतं, लोकांना असल्या गोष्टी लगेच पटतात. पण थापा मारायची त्याला सवय नव्हती, आणि सवय नसलेला माणूस जे पहिलं हाताला लागेल ते उचलतो.

“मार्क कमी पडले,” तो म्हणाला.

मुलगी म्हणाली, “किती?”

“थोडे.”

“रसायनचा पेपर,” ती म्हणाली. “मला ताप होता त्या दिवशी. मी म्हटलं होतं ना आई, शेवटचा प्रश्न मी सोडून आले.” आणि ती गच्चीवर निघून गेली.

“अहो, हे काय बोललात तुम्ही?” आई दबक्या आवाजात म्हणाली. “कार्डं तुम्ही बदललीत आणि पावती तिच्या नावानं फाडलीत?”

“मग काय सांगू? तिनं कुठे तोंड उघडलं तर टोळी उपाशी मरेल.”

“टोळीचं बरं सुचतं तुम्हाला.” तिनं दिवा लावला. “इतकी वर्षं त्या उंचीवर जाऊन बसता, तिथून काही दिसत कसं नाही हो तुम्हाला?”

फीची मुदत गेली. मुदत जाते तेव्हा आवाज होत नाही. कॉलेजचा एक मेसेज येतो, त्याखाली ‘धन्यवाद’ लिहिलेलं असतं. मुलगी त्या दिवसांत ताप आलेल्या पेपराबद्दल इतक्या वेळा बोलली, की शेवटी आईनं तिला ओरडून गप्प केलं. मग ती फोन कंपनीच्या दुकानात काउंटरवर लागली. सिमकार्ड द्यायची, आणि रेंज येत नाही म्हणून भांडायला आलेल्यांना सांगायची, टॉवरचं काम चालू आहे.

पुढे संघटनेनं सत्काराचा कार्यक्रम ठरवला. वरचा जाणार नव्हता. पण मुकादमानं फर्मान काढलं, की सगळ्या टोळीनं स्वच्छ गणवेशात आणि घरच्यांना घेऊन यायचं, खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत. मुलीला कुणाचा सत्कार आहे हे माहीत नव्हतं, आणि ह्यानं सांगितलं नव्हतं. आजचं मरण त्यानं उद्यावर ढकललं होतं, आणि तो उद्या आता उजाडला होता.

व्यासपीठावर खालच्याच्या पोराला पुकारलं. डोक्याची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड, बाकी कपडे कडक. मुलगी ताठ झाली.

“ह्याला?” ती हळूच म्हणाली. “बाबा, ह्याचे मार्क माझ्या अर्धेसुद्धा नाहीत.”

वरच्यानं डावा कान तिच्या बाजूला केला.

मग मुलाच्या बापाला वर बोलावलं. सूत्रसंचालन करणारा तरुण होता, हसरा, माईक हातात खेळवणारा. “तुम्ही आम्हाला सांगा, काका! आम्ही सगळे जमिनीवर राहणारे. तिथे वर, आभाळाजवळ, काय दिसतं हो?”

हा प्रश्न कुणी विचारेल असं खालच्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आयुष्यभर हा प्रश्न त्यानं स्वतः विचारला होता. तो घाबरला. दुसऱ्या टप्प्यावर घाबरायचा तसाच, माईकचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला. आणि मग डोळे मिटले, आणि बोलायला लागला.

“नदीवर धूर बसलेला असतो,” तो म्हणाला. “उठायचं नाव घेत नाही. मैदानावर पोरं अशी, जशी डबा कलंडून मोहरी सांडावी. तारा खालून सरळ वाटतात. वरून बघितलं तर दोरीवर ओली चादर टाकावी तशा झोळ खातात...”

सभागृह शांत झालं. असं कुणी अपेक्षिलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी मान डोलावली. वरच्याची बायको ‘ओली चादर’ ऐकून चमकली आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती ह्या माणसाच्या तोंडून दोन वाक्यं सलग ऐकायला तरसली होती, आणि ती वाक्यं होती तर खरी, पण दुसऱ्याला दिलेली होती.

“आणि घर दिसतं,” खालचा डोळे मिटूनच म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. “गच्ची दिसते. गच्चीवर नारिंगी छत्री उघडलेली असते. ती दिसली की हात थरथरत नाहीत. वाटतं, माझी पोरगी बसलीय अभ्यासाला.”

“मुलगा! मुलगा म्हणायचंय काकांना!” सूत्रसंचालक ओरडला. “आनंदात माणूस सगळं विसरतो!” लोक हसले, टाळ्या वाजल्या. खालच्यानं डोळे उघडले. समोर कुठल्या रांगेत कोण बसलंय ते त्याला दिसलं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

मुलगी हसली नाही. तिनं टाळी वाजवली नाही. ती पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिली.

परतताना रस्त्यात आई मुद्दाम मागे राहिली. दुकानं बंद होत होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते.

“किती वर्षं?” मुलीनं विचारलं.

“सगळी.”

“म्हणजे कार्ड त्यांचं.”

“हो. माझा कान...”

“कानाचं माहीत आहे मला.” ती थांबली. “ते कार्डाचं मी समजू शकते बाबा. खरंच समजू शकते. पोट होतं, नोकरी होती. पण तुम्ही मला मार्क कमी पडले म्हणालात. मी इतके महिने तो पेपर डोक्यात पुन्हा पुन्हा सोडवतेय. शेवटचा प्रश्न मला आता झोपेतसुद्धा येतो. आता येऊन काय करू मी त्याचं?”

वरच्यानं मागे वळून बायको कुठवर आली ते बघितलं.

ह्यापुढे गोष्ट संपली असं वाटेल. वरच्यालाही तसंच वाटलं होतं. गच्चीवरची छत्री मिटून टाकीच्या मागे उभी केलेली होती, वरून बघितलं की नुसती करडी गच्ची दिसायची. खालचा अजूनही दोर धरायचा, कार्डं अजूनही गाडीच्या आडोशाला बदलायची, भत्ता अजूनही अर्धा अर्धा व्हायचा. दुसरं करणार काय? फक्त वॉकीवर आता कामापुरतं बोलणं व्हायचं. सतरा नंबरचा पाना पाठव. पाठवला. दोर सैल कर. केला.

मग एका सुट्टीच्या दिवशी तातडीचं काम निघालं. वरचा चढला, शेवटच्या टप्प्यावर पोचला, पट्टा अडकवला आणि सवयीनं मान वळवली. छत्री उघडी होती.

उन्हात तो नारिंगी ठिपका बघून त्यानं दोन्ही हातांनी लोखंड धरलं. शिकतेय. पोरगी पुन्हा शिकायला बसली. बाहेरून परीक्षा देत असेल, कुठला तरी मार्ग काढला असेल, हुशार आहे. त्या दिवशी त्यानं काम झरझर उरकलं आणि घरी जाऊन बूटही न काढता तो गच्चीवर गेला.

छत्रीखाली मुलगी बसली होती. समोर मोठ्या कागदावर सर्किटची आकृती अर्धी काढून झालेली, पट्टी, पेन्सिल, जाड जाड पुस्तकं. पुस्तकं नवीकोरी होती. पलीकडे भिंतीला टेकून खालच्याचा पोरगा बसला होता, आणि हातातल्या छोट्या आरशात बघत कात्रीनं कानामागचे केस कापत होता.

“काका, या,” तो घाईनं उठला. “मी निघतच होतो. उद्या कॉलेजात द्यायचंय म्हणून... बरं, हिला तर अर्ध्या तासात जमतं, मला जन्मात नाही जमणार.” तो जिना उतरून गेला.

वरच्यानं कागदाकडे बघितलं. वरच्या कोपऱ्यात त्या पोराचं नाव सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. अक्षर मुलीचं होतं.

“हे काय आहे?”

“त्याचं ह्या आठवड्याचं काम,” मुलगी मान वर न करता म्हणाली. “पहिल्या परीक्षेत नापास झाला असता तर शिष्यवृत्ती बंद झाली असती. आता नाही होणार.”

“आणि तुला काय?”

“हातखर्च मिळतो ना त्याला. अर्धा अर्धा.”

“हे करू नकोस,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “अगं, पदवी त्याला मिळेल. चार वर्षं तू शिकशील आणि कागदावर त्याचं नाव. तुझं कुठेच काही असणार नाही. ऐक माझं, मी सांगतो तुला...”

मुलीनं पट्टी कागदावर धरली आणि एक रेघ ओढली. सरळ, एका दमात.

“शिकायला तरी मिळतंय,” ती म्हणाली. “बाबा, उजेडातून जरा बाजूला व्हा.”

तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आडोशाला दोघांनी कार्डं बदलली. हा चढला. हवा स्वच्छ होती, लांबपर्यंत दिसत होतं. खाली खालच्याच्या मनात काय आलं कोण जाणे, पण फार दिवसांनी वॉकी खरखरली आणि तो जुन्या आवाजात, भीत भीत म्हणाला,

“काय रे, वर काय दिसतंय?”

वरच्यानं गच्चीकडे बघितलं नाही.

“गंज,” तो म्हणाला. “ब्रश पाठव.”